चौकशी

जर्मनीत येऊन मला सात महिने झाले होते. नोव्हेंबर चालू होता आणि केम्प्टनमध्ये संध्याकाळी साडेचारलाच दिवे लावावे लागत होते. भाषेच्या वर्गातल्या बाई म्हणाल्या होत्या, व्याकरण माझ्याकडे सोपवा, बोलणं मात्र क्रिमी वाचून शिका. क्रिमी म्हणजे गुन्ह्याची गोष्ट, पुस्तकातली असो नाहीतर टीव्हीवरची. त्या शनिवारी जुन्या बाजारात कपबशा आणि लोकरीच्या गुंड्यांच्या मधे एक खोकं होतं, त्यात एक युरोला एक पुस्तक मिळालं. नाव 'मिल्शगेल्ड'. मिल्श म्हणजे दूध, गेल्ड म्हणजे पैसे. तिथेच थंडीत उभी राहून मी मोठ्यानं म्हटलं, अगं, हे तर दुधाचं बिल!

आमच्या गावात, सांगलीपासून वीसेक किलोमीटरवर, दर दहा दिवसांनी दुधाचं बिल निघायचं. गावाचे सगळे व्यवहार त्यावर चालायचे. दुकानाची उधारी, शाळेची फी, आजीच्या बीपीच्या गोळ्या, सगळं 'बिल निघालं की'. संध्याकाळी मी आजोबांबरोबर किटली घेऊन डेअरीला जायचे. आमची पाळी आली की सेक्रेटरी दूध मापात ओतायचा, फॅट बघायला थोडं बाजूला काढून घ्यायचा आणि कार्डावर आकडे लिहायचा. मला आकड्यांपेक्षा रांगेतलं बोलणं आवडायचं. आजोबांचं दूध रोजच्यापेक्षा अर्धा लिटर कमी भरलं की मागून कोणीतरी विचारायचंच, "काय तात्या, पाव्हणं आल्यात वाटतं?" आणि पाहुणे खरंच आलेले असायचे. सलग चार दिवस कमी भरलं तर, "म्हस आटायला लागली काय?" एखाद्या घरून बापाऐवजी पोरगं किटली घेऊन आलं, तर त्याला चौघं घेरायची. "बा कुठाय रं? बरा हाय न्हवं?" अर्ध्या लिटरच्या फरकावरून कोणाच्या घरात काय चाललंय हे त्या रांगेला कळत असे.

पुस्तक घरी आणलं आणि डिक्शनरी शेजारी ठेवून वाचायला बसले. पहिल्या वीस पानांना दोन आठवडे लागले. गोष्ट आमच्या केम्प्टनच्याच आसपासची, आल्गॉय भागातली. हा भाग बव्हेरियाच्या नैऋत्य टोकाला, आल्प्सच्या पायथ्याशी आहे. हिरवी कुरणं, तपकिरी गाई, चीज. आल्टुसरीड नावाच्या गावात एकाचा खून होतो. मेलेला माणूस डेअरीसाठी नवेनवे पदार्थ तयार करणारा. तपास करणारा क्लुफ्टिंगर हा केम्प्टनच्या पोलिसांतला मोठा अधिकारी, पण राहायला त्याच गावात. जुनी पासाट गाडी चालवतो, गावच्या बँडमध्ये मोठा ढोल वाजवतो आणि प्रेत बघितलं की त्याला मळमळतं. खून सोडवणं हे ज्याचं काम, त्यालाच मेलेलं माणूस बघवत नाही. मला तो तिथेच आवडला.

हे पुस्तक २००३ साली मेमिंगनमधल्या एका छोट्या प्रकाशनानं काढलं होतं. लिहिणारे दोघे, फोल्कर क्ल्युपफेल आणि मिखाएल कोब्र, शाळेपासूनचे मित्र आणि याच मातीतले. पुढे क्लुफ्टिंगरची पुस्तकं एकामागून एक येत गेली आणि सगळ्या जर्मनीत वाचली गेली. पण मी पहिलं पुस्तक वाचत होते तेव्हा मला यातलं काही माहीत नव्हतं. मला एवढंच कळत होतं की ज्या गावात मला कोणी ओळखत नाही, त्या गावाची ओळख मला हे पुस्तक करून देतंय. त्यातल्या रस्त्यानं मी रविवारी बसनं जाऊ शकत होते. एकदा गेलेही. आल्टुसरीडचं मोठं खुलं नाट्यगृह बघितलं, चर्चसमोरच्या बाकावर बसून डब्यातला पराठा खाल्ला आणि परत आले. कोणाशी एक शब्द बोलले नाही, तरी ओळखीच्या गावाहून आल्यासारखं वाटलं.

दर सोमवारी क्लुफ्टिंगरच्या घरी केसश्पात्सन होतात. सोमवार चुकलेला त्याला खपत नाही. हा पदार्थ काय असतो ते मला आमच्या खालच्या मजल्यावरच्या आजींनी दाखवलं. मैदा, अंडी, पाणी, मीठ, लाकडी चमच्यानं पीठ इतकं फेटायचं की त्याला बुडबुडे यायला हवेत. मग बुंदीच्या झाऱ्यासारखी भोकं असलेली एक किसणी उकळत्या पाण्याच्या पातेल्यावर धरायची, तिच्यावर पीठ ओतायचं आणि वरची डबी पुढेमागे सरकवायची. खाली टपटप थेंब पडतात, तळाशी जातात आणि शिजले की आपोआप वर येतात. वर आले की झाऱ्यानं काढायचे, चीजच्या किसाचा एक थर, त्यांचा एक थर, आणि सगळ्यात वर तुपात लालसर तळलेला कांदा. आजींनी पहिला घास घ्यायला लावला आणि माझ्या तोंडाकडे बघत बसल्या. चव काही सारखी नाही, पण मला पावसाळ्यातल्या संध्याकाळच्या चकोल्या आठवल्या. घरात भाजी नसली की आई करायची त्या.

अशा पुस्तकांना इथे रेगिओनालक्रिमी म्हणतात, म्हणजे आपापल्या मुलखातली गुन्हेकथा. कलोनमधल्या एका प्रकाशनानं १९८४ साली आपल्याच शहरात घडणारी क्रिमी काढली, १९८९ पासून जाक बेर्नडोर्फ या नावानं लिहिणाऱ्या एका पत्रकारानं आयफेलच्या डोंगराळ भागातल्या गोष्टी लिहिल्या, आणि मग ही लाट थांबली नाही. आयफेलमधल्या हिलेसहाइम या छोट्या गावात तर गुन्हेकथांचं घरच आहे, हजारो पुस्तकं आणि खाली शेरलॉकच्या नावाचं कॅफे. टीव्हीवरचं 'टाटोर्ट' १९७० पासून चालू आहे. रविवारी रात्री सव्वाआठला, कधी या शहरातलं तर कधी त्या शहरातलं. आमच्या इमारतीत त्या वेळी जिन्यातही कोणी नसतं.

यातली सगळी पुस्तकं चांगली असतात असं मी म्हणणार नाही. पुष्कळ पुस्तकांत गावाचं नाव मुखपृष्ठावर मोठ्या अक्षरात असतं आणि आत गाव नसतंच. किल्ला, तळं, सॉसेज यांची माहितीपत्रकात असते तशी यादी, मधे एक खून. ते गाव उचलून दुसरीकडे ठेवलं तरी गोष्टीत काही बिघडत नाही. माझी खूण सोपी आहे. गावातली एखादी सवय ठाऊक असल्याशिवाय जो गुन्हा उलगडलाच नसता, ते पुस्तक खरं.

एवढ्या खूनखराब्याच्या गोष्टी वाचून मन शांत का होतं, हे मी बरीच वर्षं स्वतःला विचारत आले आहे. इंग्रज कवी ऑडन याला या गोष्टींचं व्यसन होतं आणि त्यानं ते १९४८ सालच्या एका निबंधात उघड मान्य केलंय. इंग्लंडच्या खेड्यात न घडणारी गुन्हेकथा वाचणं आपल्याला जड जातं असं त्यानं लिहिलंय. त्याचं म्हणणं थोडक्यात असं, की गाव आधी निष्पाप दिसतं, खुनानं ते बाटतं आणि गुन्हेगार सापडला की पुन्हा स्वच्छ होतं. वाचणाऱ्यालाही मग आपण सुटलो असं वाटतं. निबंध सुंदर आहे, पण माझ्या मनाला तो पुरत नाही. मी वाढले ते गाव निष्पाप आहे असं मला कधीच वाटलं नाही. बांधावरून डोकी फुटलेली मी बघितली आहेत. तरी दिलासा मिळतो, म्हणजे तो दुसऱ्या कशातून तरी येत असणार.

आपल्याकडे चौकशी हा एकच शब्द दोन ठिकाणी वापरतात. पोलीस चौकशी करतात. आणि फोन ठेवता ठेवता आजी म्हणते, "जावईबापूंना चौकशी केली म्हणून सांग." एकात संशय असतो, दुसऱ्यात माया. जर्मनमध्ये या दोन गोष्टींना दोन वेगळे शब्द आहेत. मराठीत ते वेगळे झाले नाहीत, आणि माझ्या मते या गोष्टींचं मर्म तिथेच आहे. गावाकडच्या गुन्हेकथेत तपास करणारा माणूस ज्या गोष्टी विचारतो, त्या आपुलकीच्या माणसानं विचाराव्यात अशाच असतात. काल ती कुठे होती? रोज फिरायला जाते, मग काल का नाही गेली? खिडकी उघडी का होती, तिला तर थंडी सोसत नाही ना? अगाथा ख्रिस्तीची म्हातारी मिस मार्पल १९३० साली कादंबरीत आली तेव्हापासून हेच करते. सेंट मेरी मीड या आपल्या खेड्यात बागेत बसून ती माणसं निरखते, आणि कुठलाही गुन्हेगार समोर आला की तिला गावातला कोणीतरी आठवतो. शिकलेले अधिकारी जे शोधत फिरतात ते तिला शेजारपाजारातून आधीच माहीत असतं. या पुस्तकांत कोणी मेलं तर ते एक प्रेत नसतं. अमक्या घरातला अमका असतो, आणि तो काल संध्याकाळी का दिसला नाही हे विचारणारं कोणीतरी असतं. घर सोडून परक्या देशात आलेल्या माणसाला याहून मोठा दिलासा मला माहीत नाही.

हे मला पुस्तकातून कळलं होतं, पण पटलं ते आईमुळे.

बाबा गेल्यापासून आई सांगलीच्या घरी एकटी राहते. म्हशीच्या दुधाचा रतीब आहे. रात्री झोपताना ती पायरीवर एक पातेलं ठेवते, वर ताटली, ताटलीवर पेपर उडू नये म्हणून ठेवतात तसा गोटा. चार वर्षांपूर्वीच्या जानेवारीत एका सकाळी दूधवाले मामा आले तर पायरीवर पातेलं नव्हतं. त्यांनी हाक मारली, "ओ काकू, दूध!" उत्तर नाही. गावाला गेल्या असतील असं म्हणून कोणीही पुढे गेलं असतं. त्यांना पुढे जाववेना. गावाला जायचं असलं की काकू दोन दिवस आधी सांगतात, असं त्यांनी मला नंतर सांगितलं. त्यांनी शेजारच्या काकूंना उठवलं. शेजारच्या म्हणाल्या, काल साडेनऊला तिनंच गेटला आतून कुलूप लावलं, मी बघितलं. मग दोघांनी गेटच्या फटीतून बघितलं. चपला दारातच होत्या. स्वयंपाकघराचा दिवा बंद होता. आई साडेपाचला उठते आणि पहिला दिवा तोच लावते. शेजारच्या मुलानं कंपाउंडवरून उडी मारली आणि मागच्या दाराची कडी तोडली.

आई न्हाणीघरात पडली होती. खुब्याचं हाड मोडलं होतं. आदल्या रात्री पातेलं ठेवण्याआधीच ती पडली होती, म्हणजे जवळजवळ नऊ तास ती थंड फरशीवर होती.

मला फोन आला तेव्हा इथे पहाटेचे पावणेतीन वाजले होते. तिकीट मिळून निघेपर्यंत दोन दिवस गेले. त्या दोन रात्री माझ्या हातात क्लुफ्टिंगर होता. वाचत होते म्हणण्यापेक्षा पानं उलटत होते. कथानक डोक्यात शिरत नव्हतं. पण त्याचं ते बँडच्या तालमीला उशिरा पोचणं, सोमवारचं जेवण, बायकोशी होणारी तीच ती कुरबुर, हे वाचलं की श्वास जरा खाली यायचा. आपल्याला आधीच माहीत असलेली घरं, आधीच माहीत असलेली माणसं, आणि शेवटी कोणीतरी येऊन दार उघडणार ही खात्री. दुसऱ्या रात्री नवऱ्यानं विचारलं, "अगं, अशा वेळी खुनाची गोष्ट कसली वाचतेस?" मला त्याला नीट सांगता आलं नाही.

सांगलीत पोचल्यावर दूधवाल्या मामांना भेटायला गेले. हात जोडले तर ते संकोचले. म्हणाले, "ताई, मी काय केलं? काकूंचं पातेलं कधी चुकत न्हाई. म्हणून म्हटलं, बघावं." तेवीस वर्षं ते त्या पायरीवर दूध घालत आले होते. जगातल्या कुठल्याही कादंबरीतल्या तपासापेक्षा मला ते एक वाक्य मोठं वाटतं. आई आता काठी घेऊन हिंडते. पातेलं अजून पायरीवरच असतं. मी बेल बसवून दिली, कॅमेरा बसवून दिला. कॅमेऱ्याचं ती विसरून जाते, पातेल्याचं विसरत नाही.

लहान गावाच्या या नजरेला दुसरी बाजू आहे आणि ती झाकून मला पुढे जाता येणार नाही. ज्या रांगेत "बा बरा हाय न्हवं" असं विचारायचे, त्याच रांगेत नवीन माणसाला आधी आडनाव विचारायचे, आणि आडनावावरून किटली कुठे टेकवायची ते ठरायचं. माझ्या वर्गमैत्रिणीचं एका मुलाशी बोलणं गावानं असंच हेरलं आणि दहावीनंतर तिचं शिक्षण थांबलं. तीही चौकशीच होती. इथल्या पुस्तकांतही बाहेरून आलेला माणूस गोष्टीत शिरला की पहिला संशय त्याच्यावर जातो. बहुतेक वेळा तो निर्दोष निघतो, लेखक तेवढं भान राखतात, पण माझ्यासारखी बाई त्या गावात साधी शेजारीण म्हणून वावरताना मला फार थोड्या पानांवर भेटली आहे. पहिल्या वर्षी बसमध्ये लोक वळून बघायचे तेव्हा त्या बघण्यात कुठली चौकशी आहे हे मला ओळखता यायचं नाही. अजूनही दर वेळी येतंच असं नाही.

म्हणूनच मला मराठीत अशी पुस्तकं मनापासून हवी आहेत. आपल्याकडे रहस्यकथेची भूक कमी नव्हती. बाबूराव अर्नाळकरांनी एकट्यानं हजाराहून अधिक रहस्यकथा लिहिल्या. भा. रा. भागवतांच्या बनेश फेणेची तर गावाशिवाय ओळखच होत नाही, तो फुरसुंगीचा. लहानपणी नकाशात फुरसुंगी शोधून काढली तेव्हा झालेला आनंद मला अजून आठवतो. पण मोठ्या माणसांसाठी एकेका तालुक्याचा तपास कोणी लिहिलाय? विट्यातला, कागलमधला, देवरुखचा, मालवणचा? गुऱ्हाळावर रात्रपाळीला किती माणसं असतात, उरुसाच्या रात्री कोणाचं घर रिकामं असतं, होडी किनाऱ्याला लागल्यावर मासळीचा वाटा कसा पडतो, सोसायटीच्या निवडणुकीत कोणाचं कोणाशी वाकडं येतं, हे सगळं ठाऊक असलेली माणसं आपल्यात आहेत. त्यांनी लिहावं. त्या त्या गावच्या बोलीत लिहावं, आणि ज्याचं आडनाव विचारून किटली बाजूला ठेवली जायची, तपास करणारा कधीतरी त्याच्या घरातला असावा. ती गोष्ट वाचायला मी इथून पुस्तक मागवीन, टपालखर्च कितीही पडो.

दर सप्टेंबरात आल्गॉयमध्ये फीशाइड असतो. उन्हाळाभर, शंभरेक दिवस, वरच्या कुरणांवर चरायला गेलेली जनावरं खाली आणतात. गळ्यात मोठमोठ्या घंटा. पुढच्या गाईच्या डोक्यावर फुलापानांचा मुकुट. मला पहिल्यांदा बघताना बेंदूरच आठवला, शिंगांना रंग आणि अंगावर झूल तेवढी नव्हती. आजींनी मला त्यातलं एक सांगितलं. उन्हाळ्यात वर एखादं जनावर दगावलं असेल तर त्या वर्षी मुकुट घालत नाहीत. म्हणजे खाली उभ्या असलेल्या लोकांना लांबूनच कळतं. आणि शाइड म्हणजे वेगळं करणं. कळपात अनेक घरची जनावरं असतात, खाली मैदानात आणून ती निवडतात आणि ज्याची त्याच्या हवाली करतात. आम्ही कुंपणाशी उभ्या होतो. एक म्हातारा शेतकरी घंटांच्या गदारोळात आपली कालवड ओळखून पुढे गेला, तिच्या कपाळावर हात ठेवला आणि काहीतरी पुटपुटला. आल्गॉयची बोली मला तेव्हा फारशी येत नव्हती. आजींना विचारलं, काय म्हणाला? म्हणाल्या, तिला विचारतोय, बरी आहेस ना.

आजींची आणि माझी मैत्री जरा उशिरा झाली. पहिल्या हिवाळ्यात मी तापानं पडले होते, नवरा कामासाठी दुसऱ्या गावी होता. अकरा वाजता बेल वाजली. दारात आजी. "तुमचं शटर अजून खालीच आहे," त्या म्हणाल्या. खिडक्यांना बाहेरून असतात ती गुंडाळायची शटरं. मला त्या दिवशी राग आला होता. ही बाई माझ्या खिडक्या मोजते की काय, असं आईला फोनवर सांगितलंही. आई म्हणाली, "मोजू दे की." दुपारी आजींनी सूप आणून दिलं आणि भांडं परत न्यायला चार दिवस आल्या नाहीत, मला बरं वाटेपर्यंत.

आता त्या ब्याऐंशीच्या आहेत. मुलगा हँबुर्गला असतो. त्यांची शेजघराची खिडकी आमच्या स्वयंपाकघराच्या बरोबर खाली आहे. थंडीत शटर चढवायला त्यांना वेळ लागतो, पट्टा मधेच सोडून हात चोळतात, मग पुन्हा ओढतात. साडेसात ते आठच्या मधे कधीतरी तो खडखड आवाज दोन टप्प्यांत वर येतो. तोवर मी चहाला आधण ठेवते, पण पावडर टाकत नाही. आज आठला पाच कमी होते तेव्हा पहिला टप्पा ऐकू आला. थोडं थांबून दुसरा. मी पावडर टाकली.